ट्रॅक्टरची बॅटरी वरचेवर का उतरते?

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की बेळगाव भागातले ट्रॅक्टर रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. अशा वेळी बॅटरी उतरली तर खोळंबा होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे दिवे मंदावतात. अंधारात उभी राहिलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसत नाही. म्हणून हा विषय केवळ पैशांचा नाही, जिवाचा आहे.

बॅटरी उतरली की आपण नवी बॅटरी आणतो. पण दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये असेल, तर नवीही महिन्याभरात उतरते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटर वीज तयार करतो. त्यातले डायोड ती वीज बॅटरीला चालेल अशी एकाच दिशेने वळवतात, आणि रेग्युलेटर दाब ठरावीक मर्यादेत ठेवतो. हल्ली रेग्युलेटर बहुधा आल्टरनेटरच्या पाठीलाच ब्रशसह बसवलेला असतो. जुन्या डायनमोच्या गाड्यांत त्याची वेगळी पेटी असे.

साधा मल्टिमीटर घ्या आणि या क्रमाने पाहा.

१) इंजिन बंद असताना पट्टा अंगठ्याने दाबा. मधोमध साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. ढिला, चिरलेला किंवा तेलकट पट्टा घसरतो.

२) किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर आधी बल्ब पाहा. बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटरला सुरुवातीची वीज या बल्बातूनच मिळते.

३) इंजिन बंद करून काही तास झाल्यावर भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम गतीने चालू असताना तिथेच १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा वाढला नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असावा. मग बॅटरीतले पाणी लवकर आटते आणि बल्ब उडतात.

४) इंजिन चालू असताना आल्टरनेटरच्या जाड तारेच्या टर्मिनलवर १४.३ आणि बॅटरीवर १३.३ असे दिसले, तर आल्टरनेटर चांगला आहे. वीज वाटेत गळते आहे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा गंज, सैल नट आणि चेसिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी साफ करून आवळा.

एवढे करूनही चार्जिंग होत नसेल तर ब्रश, रेग्युलेटर किंवा डायोड तपासायला मिस्त्रीकडे जा.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून 'चार्जिंग होते का' ते पाहू नका. दाब एकदम वाढून डायोड जळतात. तसेच ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या व आल्टरनेटरच्या तारा सोडवा.

तारा काढताना आधी ऋण, मग धन. जोडताना आधी धन, मग ऋण. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बॅटरीतले तेजाब डोळ्यात उडाले तर चोळू नका. ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. बॅटरी हाताळून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

गाळप सुरू होण्यापूर्वी एक सकाळ या तपासणीसाठी काढा, आणि ट्रॉलीचे मागचे दिवेही त्याच दिवशी लावून पाहा.