एका दिवसाची सुटका, तीस वर्षांचा सांभाळ

आपल्या मराठीत गाढवाइतकी बोलणी दुसऱ्या कुठल्याही जनावरानं खाल्ली नसतील. पोराचं गणित चुकलं की गाढव, दुधाचं पातेलं उघडं राहिलं की गाढव! मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे तर हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. ‘गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हणही आपण सहज वापरतो. पण ओझ्यानं जे मेलं नाही, नुसतंच म्हातारं झालं, लंगडं झालं, त्या गाढवाचं पुढे काय होतं? मालकाचं पोट हातावर. न कमावणाऱ्या जनावराला तो किती दिवस खाऊ घालणार? मग ते दिलं जातं सोडून, आणि उकिरड्यावर कागद चघळत उभं राहिलेलं आपण बाजाराला जाता-येता बघतो.

हाच प्रश्न इंग्लंडमधल्या एका बाईंना पडला. त्यांनी काय केलं आणि हजारो सामान्य माणसांनी त्यांना कशी साथ दिली, ते मैत्रिणींना सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

बाजारातली सात गाढवं

एलिझाबेथ स्वेंडसन यांचा जन्म १९३० चा. त्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलेलं, पदरात चार मुलं, आणि नवऱ्याबरोबर डेव्हन परगण्यात हॉटेल चालवणं हा व्यवसाय. लहानपणापासून गाढवांचं वेड, म्हणून १९६९ साली त्यांनी हौसेनं एक गाढवीण विकत घेतली. तिचं नाव ‘नॉटी फेस’. ती एकटी कंटाळते म्हणून सोबतीला दुसरी आणली. गाढवं पाळावीत, त्यांची पैदास करावी, एवढाच तेव्हाचा बेत.

पण एकदा त्या एक्सेटरच्या जनावरांच्या बाजारात गेल्या. तिथे एका लहानशा कोंडवाड्यात सात गाढवं दाटीवाटीनं कोंबलेली होती. त्यातल्या सर्वांत वाईट अवस्थेतल्या गाढवाला विकत घ्यायला त्या पुढे झाल्या, तर ते आधीच विकलं गेलेलं! हात हलवत परत यावं लागलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की पैदास करायची नाही. जी आहेत, त्यांनाच वाचवायचं.

१९७३ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, तेव्हा त्यांच्याकडे ३८ गाढवं होती. ओढाताण करून का होईना, एका कुटुंबाला तेवढी झेपण्यासारखी. आणि १९७४ मध्ये अचानक निरोप आला. रेडिंगजवळ गाढवांचा आसरा चालवणाऱ्या व्हायोलेट फिल्पिन नावाच्या बाई वारल्या होत्या, आणि मृत्युपत्रात त्यांनी आपली सगळी गाढवं एलिझाबेथबाईंच्या नावे केली होती. किती? २०४!

कल्पना करा, आपल्याकडे चार पाहुणे न सांगता जेवायला आले तरी कणीक पुरेल ना म्हणून आपला जीव खाली-वर होतो. इथे दोनशेचार तोंडं, आणि तीही एका दिवसापुरती नव्हेत. बाईंनी ‘हो’ म्हटलं. सिडमथ गावाजवळ स्लेड हाउस फार्म ही शेती घेतली, आणि तिथे ‘द डाँकी सँक्च्युअरी’ ही संस्था उभी राहिली. १९८० मध्ये बाईंना सरकारी किताब मिळाला. मे २०११ मध्ये त्या गेल्या, पण काम चालू आहे. आजवर पंधरा हजारांहून जास्त गाढवांना या संस्थेनं थारा दिला आहे.

खर्च कशाचा?

तुम्ही म्हणाल, गाढवाला काय लागतं? उकिरड्यावर जगणारं जनावर ते! इथेच आपला मोठा गैरसमज आहे.

गाढव मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या वाळवंटी मुलखातलं. इंग्लंडच्या पावसात त्याचा टिकाव लागत नाही, कारण घोड्याच्या मानानं त्याच्या अंगावरचे केस पाणी फारसे अडवत नाहीत. म्हणून डोक्यावर छप्पर हवंच. ओल्या जमिनीत खुरं बिघडतात. वेळेवर कापली नाहीत तर ती जुन्या मोजडीच्या चोचीसारखी पुढे वळून वर येतात आणि जनावराला पाऊल टाकवत नाही. त्यामुळे दर सहा ते दहा आठवड्यांनी खुरं साळावी लागतात. दातांना टोकं येतात, ती घासावी लागतात. जंतांची औषधं वेगळीच.

खाण्याचंही आपल्यासारखंच, जास्त झालं की बाधतं. हिरवंगार रसरशीत गवत पोटभर मिळालं तर गाढव लठ्ठ होतं, खुरांच्या आत सूज येते आणि ते वेदनेनं हैराण होतं. म्हणून त्याचा मुख्य आहार जवाचा कोरडा पेंढा. औषध गिळवायचं असेल तेव्हा मात्र आल्याच्या बिस्किटात लपवून देतात. मुलांना गोळी गुळात देतो ना आपण, तसंच!

आणखी एक गोष्ट वाचून मला गलबलून आलं. गाढवं जोडीनं राहतात. एकाचा एकाशी जीव जडतो. जोडीदार गेला की दुसरं खाणं सोडतं, आणि न खाल्ल्यामुळे रक्तात चरबी साचून तेही दगावू शकतं. म्हणून जोड्या तोडायच्या नाहीत असा संस्थेचा दंडक आहे. एक आजारी पडलं तर दवाखान्यात सोबत दुसऱ्यालाही नेतात. एक मेलं तर दुसऱ्याला त्याच्याजवळ काही वेळ उभं राहू देतात. नाहीतर ते त्याला शोधत फिरतं.

नीट सांभाळलेलं गाढव तीस वर्षं सहज जगतं, काही तर चाळिशीही गाठतात. सुटका एका दिवसात होते, सांभाळ मात्र तीस वर्षं करावा लागतो. त्यामुळे एकदाच भावनेच्या भरात दिलेली मोठी रक्कम पुरत नाही. घरखर्चासारखा महिन्याच्या महिन्याला पैसा यावा लागतो.

थेंबे थेंबे

हा पैसा देणारे धनिक थोडे, साधीच माणसं फार. ‘दत्तक’ योजना सर्वांत लोकप्रिय. ठरावीक वर्गणी भरली की एका गाढवाचं पालकत्व तुमच्याकडे. त्याचा फोटो, प्रमाणपत्र आणि अधूनमधून खुशालीचं पत्र घरी येतं. गाढव राहतं संस्थेतच. नातवंडांच्या वाढदिवसाला आजी-आजोबा ही भेट देतात.

ज्यांच्याकडे जमीन आहे अशी कुटुंबं गाढवं खरोखरीच घरी नेऊन सांभाळतात. मात्र एक मिळत नाही, निदान दोन न्यावी लागतात. कुंपण, निवारा, चराई हे सारं आधी तपासलं जातं, आणि पुढेही संस्थेची माणसं पाहायला येत राहतात. मुलगी द्यायच्या आधी आपण घर बघतो, तसाच प्रकार! कुणी गाडी चालवतं, कुणी पाहुण्यांना माहिती सांगतं, कुणी केक विकून पैसे जमवतं. आणि संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग येतो तो मृत्युपत्रांतून. फिल्पिनबाईंनी गाढवं ठेवली, इतरांनी आपली शिल्लक ठेवली.

‘माणसं उपाशी असताना?’

हा प्रश्न तिथेही विचारला गेला, आपल्याकडे तर विचारला जाणारच. त्याचं उत्तर मला या संस्थेच्या पुढच्या कामात सापडलं. १९७६ मध्ये बाईंनी परदेशातल्या गाढवांसाठी वेगळा ट्रस्ट काढला. इथियोपियासारख्या देशात गाढव हेच बाईचं पाणी आणतं, सरपण आणतं, धान्य गिरणीत नेतं. ते आजारी पडलं की त्याच्या पाठीवरचं ओझं येतं ते घरातल्या बाईच्या नाहीतर मुलीच्या डोक्यावर. मग त्या मुलीची शाळा सुटते. तिथे गाढवावर मोफत औषधोपचार करणं म्हणजे त्या घराचीच मदत.

अलीकडे चिनी औषधासाठी गाढवाच्या कातड्याला भाव आला आणि आफ्रिकेत गाढवं चोरून मारली जाऊ लागली. त्याविरुद्ध अनेक संस्थांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी आवाज उठवला. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन युनियननं कातड्यासाठी होणाऱ्या कत्तलीवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला.

आपल्या देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये उरली १ लाख २० हजार. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार अजून भरतो. उरलेली बरीचशी वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राबतात. सांगली-सोलापूर भागात ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून कष्टकरी जनावरांवर मोफत उपचार करते. वीटभट्टीवर यंत्र आणायला मदत करून गाढवांना ओझ्यातून सोडवायचं आणि पुढे निवृत्तीत सांभाळायचं, असंही तिचं काम आहे. मालकाची रोजीही बुडत नाही आणि जनावरही सुटतं.

आणि आपल्याला हे शिकवायला डेव्हनच कशाला हवं? काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न नेता तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ महाराज आपलेच. गोष्ट आपण मुलांना सांगतो. दाराशी गाढव आलं की मात्र काठी शोधतो.

आपल्याला काय करता येईल?

घरात गाढव पाळा असं मी सांगणार नाही. दोन खोल्यांत आपलीच अडचण! पण एवढं जमेल:

० उन्हाळ्यात फाटकाबाहेर पाण्याची घमेली ठेवा आणि रोज विसळून भरा. गाढव घाण पाणी सहसा पीत नाही.

० शिळी पोळी, भात, गोडधोड घालू नका, पोट दुखून ते दगावू शकतं. त्यापेक्षा मूठभर कोरडा कडबा बरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून खरकटं टाकू नका.

० जखमी जनावर दिसलं तर १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे.

० घराचं बांधकाम काढलं असेल तर १९६५ चे सरकारी नियम ठेकेदाराला सांगा. गाढवावर ५० किलोंपेक्षा जास्त ओझं नाही, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. मात्र मालकाशी भांडू नका, तोही गरीबच असतो. त्याला आधी पाणी द्या, मग बोला.

० महिला मंडळाच्या किंवा भिशीच्या दहा-बारा जणींनी महिन्याला थोडे थोडे काढून जवळच्या प्राणिसंस्थेला द्यावेत. आधी जाऊन जागा पाहा, नोंदणी आणि हिशेब विचारा, पावती घ्या. रक्कम लहान चालेल, पण एकही महिना चुकवू नका. तिकडे पेंढा रोज लागतो.