दादासाहेब मावळंकर : वकिली ते लोकसभेचे अध्यक्षपद

वकील न्यायालयात एका पक्षाची बाजू मांडतो. सभागृहाच्या अध्यक्षाने मात्र सर्वच पक्षांना सारखे मानावयाचे असते. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांनी ही दोन्ही कामे केली.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. दादासाहेबांचा जन्म १८८८ साली बडोद्यास झाला. १९०२ साली ते अहमदाबादेस गेले आणि तेच नगर त्यांची कर्मभूमी ठरले. मुंबईस कायद्याचे शिक्षण घेऊन १९१३ साली त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. परंतु १९१८ च्या खेडा सत्याग्रहाने त्यांना सार्वजनिक कार्याकडे ओढून घेतले. पुढे अनेकदा कारावास घडला. तेथे भेटलेल्या बंदिवानांमधील माणुसकीचे चित्र त्यांनी 'मानवतानां झरणां' या गुजराती पुस्तकात रेखाटले.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी सर कावसजी जहांगीर यांच्याशी त्यांची लढत झाली; ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी ते विजयी झाले. १५ मे १९५२ रोजी ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले.

आता प्रसंग अधिक अवघड होता. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते आणि अध्यक्षही त्याच पक्षाचे. अशा वेळी सरकारवर अंकुश कोणी ठेवावा? मावळंकरांनी याचे उत्तर नियमांत आणि समित्यांत शोधले. सरकारचा खर्च तपासणारी अंदाज समिती १९५० मध्येच अस्तित्वात आली होती. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती १९५३ मध्ये स्थापन झाली. संसदेला डावलून वटहुकूम काढण्याच्या प्रथेविषयी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना स्पष्ट शब्दांत लिहिले : वटहुकूम लोकशाहीशी विसंगत असून अगदी तातडीच्या प्रसंगीच तो क्षम्य आहे.

त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतली गेली नाही, असे मात्र नाही. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधी पक्षीयांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. त्यावर रीतसर चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला. अध्यक्षाचाही जाब विचारता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. संसदेच्या दृष्टीने ही मोलाचीच गोष्ट होय.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, दादासाहेबांचे निधन झाले. वटहुकुमांविषयीचा त्यांचा इशारा मात्र जुना झालेला नाही. बहुमताने राज्य चालते; पण अल्पमताचे म्हणणे ऐकून घेतले जाते, तेव्हाच त्या राज्याला लोकशाही म्हणता येते.