शिशाच्या मोडीला मेण, टाकणखार की नवसागर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या मराठी घरांत तांब्यापितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. साहजिकच कल्हईवाल्याचा नवसागर आणि सोनाराचा टाकणखार ही नावे तेथे आबालवृद्धांच्या परिचयाची. शिशाची मोड वितळवून शुद्ध करावयाचा प्रसंग आला, की अनेकांचा हात याच दोन पुड्यांकडे वळतो. जवळच १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापिले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपविले, ते कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. त्याच दृष्टीने पाहू गेल्यास पहिला प्रश्न असा, की हे पदार्थ नेमके करतात तरी काय?

वितळलेल्या धातूवरील मळ दूर करण्यास जो पदार्थ साहाय्य करतो, त्याला शास्त्रीय परिभाषेत अभिवाह म्हणतात. सोनाराच्या मुशीत टाकणखार हे काम उत्तम करतो, कारण सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि टाकणखार त्यापूर्वीच, सातशे अंशांच्या वर, पातळ होऊन मळ आपल्यात विरघळवून घेतो. शिसे मात्र ३२७ अंशांनाच पाणी होते. त्या कढईत टाकणखार फुगतो, पांढरा पडतो आणि कोरडाच तरंगत राहतो. त्याची कीर्ती मोठी. येथे उपयोग जवळजवळ नाही.

नवसागराची गोष्ट निराळी. तापलेल्या तांब्यावर त्याचा जो धूर उठतो, त्यातील आम्ल भांड्याचा गंज खाते आणि कथील घट्ट बसते. शिशावर टाकल्यास तोच तिखट धूर कोंडतो, आणि शिशाचा विषारी क्षार मळीत मिसळतो. हा सौदा परवडणारा नव्हे.

मग उरते ते मेण, चरबी, राळ किंवा लाकडाचा कोरडा भुसा. दिसण्यात क्षुद्र, पण खरे कामाचे हेच. याचे कारण छापखान्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. यंत्रावर ओळी ओतण्याच्या धातूत शंभर भागांत साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे. वापरलेल्या ओळी पुन्हा आटवताना वर जी करडी साय धरे, तिच्यात हवेतील प्राणवायूशी संयोग पावलेले कथील व अँटिमनी विशेष असे. ती साय घाण समजून दरवेळी फेकली, तर कढईतील धातू हळूहळू नुसत्या शिशाकडे झुके आणि अक्षरे बोथट उतरत. मेणातला कोळसा व हायड्रोजन हा प्राणवायू ओढून घेतात. साय पुन्हा धातू होऊन खाली मिसळते, आणि वर राहते ती खरीखुरी माती व राख. भुसा जळून कोळसा होतो, हवेला आडकाठी करतो व घाणही धरून ठेवतो. पळी तळापासून फिरवावी, भिंती खरवडाव्यात आणि मगच मळी काढावी. मेण भडकून पेटते, हे मात्र ध्यानात असावे.

जस्त मेणाने निघत नाही. त्यावर उपाय तपमानाचा: जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून कढई चारशेच्या खाली ठेवली, तर त्याचे तुकडे तरंगतात, ते विरघळू लागण्याआधी झटपट उचलावेत.

अभिवाहाहूनही महत्त्वाचे म्हणजे कोरडेपणा. पाण्याच्या थेंबाची वाफ होताना त्याचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. ओला तुकडा तापल्या शिशात पडला, तर सारी कढई अंगावर उडते. म्हणून मोड थंड कढईतच भरावी आणि मग विस्तव लावावा.

दुसरा धोका शांत असतो. मळीची बारीक धूळ श्वासावाटे, हातावाटे पोटात जाते. मुलांच्या मेंदूला शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही. हे काम उघड्यावर करावे. मुले व गर्भवती स्त्रिया दूर असाव्यात. कढई व पळी स्वयंपाकघरात पुन्हा कधीही येऊ नयेत. कल्हईच्या कथलात शिसे मिसळणे तर सरळ विषप्रयोगच होय.

मोटारीच्या बॅटऱ्या घरी फोडू नयेत. त्यांतील आम्ल व शिशाचे क्षार मेणाने आवरणारे नाहीत, आणि त्यांच्या मळीला ओल लागली, तर विषारी वायू निघू शकतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत कारखान्याकडे जाव्यात. काढलेली मळीही नाल्यात वा बागेत न टाकता झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवून तिकडेच पाठवावी.