परीक्षेची चिंता आणि व्यायाम

जानेवारी सरत आला कीं पुष्कळ घरांत एक नियम आपोआप सुरू होतो. चेंडू माळ्यावर जातो, उड्या मारण्याची दोरी खुंटीला लागते, आणि ‘आतां परीक्षा होईपर्यंत खेळ बंद’ अशी आज्ञा सुटते. आज्ञा देणाऱ्या वडील माणसांचा हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. परंतु ज्या दिवसांत मनावर ताण अधिक, नेमक्या त्याच दिवसांत शरीराची हालचाल थांबविणें कितपत हितावह आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

चिता आणि चिंता या दोन शब्दांत अंतर काय तें एका अनुस्वाराचें, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. कारण चिंता मनांत उपजली तरी तिचा अंमल सर्व देहावर चालतो. प्रश्नपत्रिका हातीं येतांच छाती धडधडते, तळहातांस घाम सुटतो, तोंडास कोरड पडते, हा अनुभव कोणत्या विद्यार्थ्यास नाहीं? अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा विकारांचें मर्म विशद केलें आहे. संकट समोर उभें राहिलें असतां प्राण्यापुढें मुख्यतः दोन मार्ग असतात: झुंजणें किंवा पळणें. दोहोंसही स्नायूंचें बळ लागतें. म्हणून भय वाटतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. त्यायोगें हृदय जलद चालतें, श्वास वाढतो, यकृतांत साठविलेली साखर रक्तांत उतरते, आणि पचनाचें काम मंदावून रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचें दुसरें द्रव्यही स्रवतें. त्याचा परिणाम अधिक वेळ टिकतो.

ही सारी सिद्धता पळण्यासाठीं. पण विद्यार्थी पळत नाहीं. तो बांकावर बसून बीजगणिताचें उदाहरण सोडवीत असतो. कचेरींत वरिष्ठांचे बोल मुकाट्यानें ऐकणारे वडील आणि महिनाअखेरीस खर्चाची तोंडमिळवणी करणारी आई, यांचीही स्थिति निराळी नाहीं. वाघ कोठेंच नसतो, पण देह वाघाशीं सामना करण्यास सज्ज! असें दिवसामागून दिवस चाललें म्हणजे झोंप उडते, डोकें जड होतें, चिडचिड वाढते आणि वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं.

व्यायाम म्हणजे या सज्ज झालेल्या देहास त्याचें स्वाभाविक काम देणें होय. धांवतांना स्नायू रक्तांतील साखर वापरतात आणि आखडलेले खांदे व मान मोकळी होतात. यावर कोणी विचारील कीं, व्यायामानेंही हृदय जलद चालतेंच ना? होय, चालतें, परंतु श्रम थांबल्यावर नाडी हळूहळू पूर्वस्थितीवर येते. नित्य व्यायाम करणाराची नाडी विश्रांतींत संथ चालते व श्रमानंतर लवकर शांत होते. मनासही यांत विसांवा मिळतो. खो मिळण्याची वाट पाहत बसलेल्या मुलास त्या क्षणीं उद्यांच्या भूमितीची आठवण होत नाहीं. शिवाय रात्रीं झोंप गाढ लागते, आणि गाढ झोंपेवांचून पाठांतर टिकत नाहीं.

व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें ५ ते १७ वर्षांच्या मुलांमुलींनीं दररोज सरासरी ६० मिनिटें मध्यम ते जोमदार श्रम करावेत. प्रौढांनीं आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम करावेत. चालतां चालतां बोलतां येतें पण गातां येत नाहीं, तो श्रम मध्यम समजावा. यास पैसा लागत नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्यांचा हिरिरीनें प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारांस एका सतरंजीएवढी जागा पुरते. दोरीवरच्या उड्या, जिन्याची चढउतार, शाळेपर्यंत पायीं जाणें, हींही साधनें चांगलीं. तासभर अभ्यास झाला कीं दहा मिनिटें हालचाल करावी. मुलींनाही हें सर्व लागू आहे. घरकाम हाच तिचा व्यायाम, असें म्हणून मुलीचें मैदान हिरावून घेऊं नये.

मात्र कांहीं पथ्यें पाळावींत. पोटभर जेवणानंतर लगेच किंवा निजण्याच्या अगदीं आधीं दमछाक करूं नये. आजारी मुलाच्या बाबतींत डॉक्टरांस विचारावें. उठाबशा ही शिक्षा म्हणून देऊं नये. ज्या व्यायामाची ओळख शिक्षा म्हणून झाली, त्याकडे मन प्रेमानें वळत नाहीं. आणखी एक गोष्ट: व्यायाम ताण हलका करतो, ताणाचें कारण दूर करीत नाहीं. गणित समजत नसेल तर शिक्षकांसच विचारलें पाहिजे; घरांत कांहीं दुःख असेल तर तें कोणापाशीं तरी बोललें पाहिजे. मूल अनेक दिवस उदास राहूं लागलें, जेवणखाण व झोंप टाकूं लागलें, तर केवळ खेळावयास पाठवून भागणार नाहीं. वैद्यकीय सल्ला विनाविलंब घ्यावा.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. यंदा परीक्षेच्या दिवसांचें वेळापत्रक भिंतीवर लावाल, तेव्हां त्यांत सायंकाळचा एक तास मोकळ्या हवेसाठीं राखून ठेवा, आणि जमल्यास त्या वेळीं मुलांबरोबर स्वतःही चालावयास निघा. समोरासमोर बसून ‘अभ्यास किती झाला?’ असें विचारलें असतां जें मूल गप्प राहतें, तें बरोबरीनें चालतांना पुष्कळदां आपण होऊन बोलूं लागतें. तो तास अभ्यासांतून वजा झाला असें मानूं नये. उरलेल्या तासांचा अभ्यास त्यामुळेंच पदरांत पडतो.