तंत्रशिक्षणाचा सरकारी निधी आणि व्यापाऱ्याची वही

व्यापाऱ्याच्या वहीत भांडवली खर्च आणि चालू खर्च वेगळे लिहिले जातात. पहिला एकदाच होतो व चारचौघांत मिरवता येतो. दुसरा नित्याचा असतो, त्याचे कौतुक कोणी करीत नाही. परंतु पेढी टिकते ती त्याच्याच बळावर. विद्यालयांचेही तसेच आहे, हे मला उशिरा उमगले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, इंदूरचा धान्याचा घाऊक व्यापारी. अभियांत्रिकीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि माझ्या धाकट्या बंधूंची कन्या २०१८ साली मध्य प्रदेशातील एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाली आणि तो विषय आमच्या घरात आला. दुसऱ्या वर्षी ती उत्साहाने सांगे, ''मोठे काका, आज आम्ही लोखंडी सळई तुटेपर्यंत ताणली!'' शिकविणारे प्राध्यापक तरुण व विद्वान होते. करोनाच्या साथीनंतर अखेरच्या वर्षी ती परतली तेव्हा प्राध्यापक गेलेले होते आणि यंत्रावर कापड टाकलेले होते.

हे का घडले? केंद्र सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने 'तंत्रशिक्षण गुणवत्ता सुधार कार्यक्रम' चालविला होता. २००३ ते २००९ या पहिल्या टप्प्यात १२७ संस्थांना साहाय्य मिळाले. दुसरा टप्पा २०१० मध्ये सुरू झाला. २०१७ च्या तिसऱ्या टप्प्यात मागास भागांकडे विशेष लक्ष दिले गेले. आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांतून शिकलेले १,२०० हून अधिक तरुण ५३ शासकीय महाविद्यालयांत तीन वर्षे शिकवतील, असे २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाले. योजना उत्तम होती. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये ती संपली. राज्यांनी या अध्यापकांना सामावून घ्यावे अशी अपेक्षा होती. अनेकांच्या बाबतीत ती पूर्ण झाली नाही.

याच कार्यक्रमात एक नियम मात्र थेट व्यापाऱ्याच्या वहीतून उचलल्यासारखा होता. संस्थेने चार निधी उभारावेत: एक कायम ठेवीचा, दुसरा अध्यापकांच्या विकासाचा, तिसरा जुनी यंत्रे बदलण्याचा आणि चौथा देखभालीचा. सरकारी पैसा थांबला तरी काम थांबू नये, हा त्यातील हेतू. आपण घसारा धरतो तो दुसऱ्या कशासाठी?

माझाच अनुभव सांगतो. मी ओलावा मोजण्याचे यंत्र हौसेने आणले. पण ते तपासून घेण्याचा किरकोळ खर्च दोन वर्षे टाळला. यंत्र ओलावा कमी दाखवीत राहिले, मी गहू थप्पीला लावला आणि तो गोदामात उबला. वाचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट नुकसान झाले. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

आता ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मेरिट' ही नवी योजना मंजूर केली आहे. तिच्यासाठी २०२९-३० पर्यंत ४,२०० कोटी रुपयांची तरतूद असून त्यांतील २,१०० कोटी जागतिक बँकेचे कर्ज आहे. १७५ अभियांत्रिकी संस्था आणि १०० तंत्रनिकेतने तिच्यात घेतली जाणार आहेत. कर्ज म्हटले की व्यापारी फेडीचा विचार आधी करतो. या कर्जाची खरी फेड म्हणजे दहा वर्षांनंतरही चालणारी प्रयोगशाळा होय.

विद्यादान आपल्या वर्गाला नवे नाही. इंदूरची गोविंदराम सेकसरिया तंत्रसंस्था १९५२ साली व्यापारी घराण्याच्या दानातूनच उभी राहिली. आपण शिष्यवृत्त्या देतो, वसतिगृहांच्या भिंतींवर नावांच्या शिला बसवितो. त्याच हातांनी एखाद्या प्रयोगशाळेच्या वार्षिक देखभालीचा भार आपण का उचलू नये? आणि जे सभासद महाविद्यालयांचे विश्वस्त आहेत, त्यांनी येत्या सभेत एवढेच विचारावे, ''आपल्या संस्थेचे हे चार निधी आहेत काय, आणि त्यांत शिल्लक किती?''

अशा खर्चावर नावाची शिला बसणार नाही, हे खरे. परंतु कोणाची तरी कन्या घरी येऊन आनंदाने सांगेल की, आज आम्ही सळई तुटेपर्यंत ताणली. माझ्या मते ती पावती पुरेशी आहे.