सातबारा घेऊन बंगळुरूला

बारावीचा निकाल लागला की बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून फोन येतोच: "पोराला तिकडं अ‍ॅग्रीला घालायचं म्हणतोय, जरा चौकशी करून ठेवा." चौकशी होते ती बहुधा फीची आणि वसतिगृहाची. समजुती मात्र तशाच राहतात.

"आयटीच्या शहरात शेती काय शिकणार?"

बंगळुरूत शेतीचा अभ्यास संगणकाच्या कितीतरी आधी आला. 1899 मध्ये म्हैसूरच्या महाराणींनी हेब्बाळची 30 एकर जमीन प्रयोगशेतीला दिली. 1913 मध्ये तिथे लेस्ली कोलमन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने कृषिशाळा निघाली, 1946 मध्ये महाविद्यालय आणि 1964 मध्ये कृषी विद्यापीठ. आज बळ्ळारी रस्त्यावरचा त्याचा मुख्य परिसर, जीकेव्हीके, साधारण 1,300 एकरांचा आहे. विमानतळाकडे जाताना डावी-उजवीकडे नुसत्या इमारती बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

पण इथली जमीन तांबडी, पावसावरची. पिकं नाचणी, तूर, अवरे म्हणजे वाल. लघु तृणधान्यांच्या देशभरातल्या संशोधनाचा समन्वय दीर्घकाळ इथूनच चालला. याच विद्यापीठाखाली वाढलेलं मंड्याचं महाविद्यालय मात्र कालव्याच्या पाण्यावरच्या भात-उसाच्या मुलखात आहे. नाचणीचे भारतीय आणि आफ्रिकी वाण एकत्र आणून 'इंडाफ' जाती काढणारे शास्त्रज्ञ लक्ष्मय्या यांचं काम मंड्यातलंच. काळ्या रानातल्या, कापूस-ज्वारीच्या घरातल्या मुलाने खरं तर बंगळुरूआधी धारवाडचं कृषी विद्यापीठ बघावं. डीसीएच-32 हा संकरित कापूस तिथला. कोल्हापूर-सांगलीकरांना तर ते जवळही पडतं. शहर मोठं म्हणून महाविद्यालय मोठं, हा हिशेब शेतीत चालत नाही.

"सातबारा जोडला की झालं."

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. कर्नाटकात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षाही असते. नुसता जमिनीचा कागद पुरत नाही, शेतातली ओळख दाखवावी लागते. मला ही पद्धत आवडते. पण त्या जागा कर्नाटकच्या नियमांत बसणाऱ्यांच्या. बंगळुरूतच वाढलेलं, सात वर्षं राज्यात शिकलेलं मराठी घरातलं मूल साधारणपणे त्यात बसतं. साताऱ्याहून थेट आलेलं बसत नाही, आजोबांची वीस एकर बागायत असली तरी. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी 'गडिनाडू' नावाची वेगळी सवलत आहे, तिचा मराठी मातृभाषेच्या घरांना उपयोग नाही.

बाहेरच्यांसाठी सरकारी विद्यापीठाचा मुख्य दरवाजा भारतीय कृषी संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएआरचा. राज्य कृषी विद्यापीठांतल्या पदवीच्या 20 टक्के जागा तिच्या अखिल भारतीय कोट्यातून, सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातात. महाराष्ट्राच्या सीईटीचे गुण राहुरी, अकोला, परभणी, दापोलीला कामाचे; इथे नाहीत. अर्जाच्या तारखाही वेगळ्या, आणि त्या निकालाच्या बऱ्याच आधी येऊन जातात. निकालानंतर फोन करणाऱ्याचा उशीर इथेच झालेला असतो.

"यूजीसीची मान्यता आहे ना, मग काय?"

खासगी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेत हे वाक्य ठळक छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. शेतीच्या पदवीला मात्र आयसीएआरची अधिस्वीकृती वेगळी असते, आणि ती ठरावीक मुदतीचीच मिळते. पुढे एम.एससी.ला कृषी विद्यापीठात जायचं असेल तर ती विचारली जाते. म्हणून दोन प्रश्न नेमके विचारावेत: अधिस्वीकृती याच अभ्यासक्रमाला आहे का, आणि कधीपर्यंत? पदवीचं नावही अक्षर न् अक्षर वाचावं. 'बी.एससी. ऑनर्स अ‍ॅग्रिकल्चर' वेगळं, नावात कुठेतरी 'अ‍ॅग्री' असलेली पदवी वेगळी. बँकेतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या जाहिरातीपासून कृषी सेवा केंद्राच्या परवान्यापर्यंत सगळीकडे हे नाव तपासलं जातं.

हेसरघट्टाची फलोद्यान संशोधन संस्था, 'अर्का' टोमॅटोवाली, नामांकित आहे. पण बारावीनंतर बी.एससी.साठी थेट तिथे अर्ज करता येत नाही, तरीही दरवर्षी कोणीतरी चौकशी करतंच.

"शिकवणं इंग्रजीत, मग कन्नडचं काय काम?"

वर्गात नाही, पण शेवटच्या वर्षी आहे. आपल्याकडे ज्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात, त्यांच्यासारखंच इथल्या विद्यार्थ्यालाही गावात मुक्काम करून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. पुस्तकात 'ब्लास्ट' असतो, आपण त्याला करपा म्हणतो, आणि नाचणीच्या बांधावर उभा राहिलेला शेतकरी म्हणतो बेंकी रोग. बेंकी म्हणजे आग.