टाळ्या शेवटी

नाच ही बघून शिकायची कला. मग ज्यांना दिसत नाही किंवा अंधुक दिसतं, ती मुलं तो शिकतात कशी? हातानं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात फर्नांदा बियांकिनी यांनी १९९५ साली अंध मुलींना बॅले शिकवायला सुरुवात केली, ती स्पर्शातूनच. शिकवणाऱ्याचा खांदा, गुडघा चाचपायचा, मग आपला तसा वळवायचा. आपल्याकडे स्वागत थोरातांनी अंध कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणलं.

अमरावती-अकोल्याच्या अंध तरुणांनी जाहीर कार्यक्रम ठरवला, तर लेझीम हाताशी आहेच. तिची प्रत्येक हालचाल वाजते. शेजारचा कुठे आहे, हे कानाला कळतं. मंचाच्या काठाशी सतरंजीखाली दोरी टाकली की पावलाला हद्द समजते. अंधुक दिसणाऱ्यांसाठी ठळक पिवळी पट्टी लावावी. दिवे मात्र एकाएकी मालवू नयेत.

खरी अडचण समोर बसलेल्यांची. 'बिचारे' म्हणत आपण मध्येच टाळ्यांचा कडकडाट करतो आणि ज्या ठेक्यावर त्यांची पावलं पडतात, तोच बुडवतो. सुरेश भटांच्या अमरावतीला मध्येच दाद द्यायची सवय. आम्हा कवींना तर ती हवीच असते. इथं मात्र तिकीट काढून जावं, गप्प बसावं, आणि शेवटचा ठेका थांबला की मग हात उचलावेत.